आपला वेळ आपल्या मालकीचा

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, कामगारांच्या सभा भरवल्या, मालकांपुढे आणि सरकारपुढे गाऱ्हाणी मांडली, आणि सहा वर्षांनी आठवड्यातला एक दिवस कामगाराच्या पदरात पडला. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, पोरांना घेऊन बागेत जातो, तो रविवार भांडून घेतलेला आहे.

लोखंड्यांच्या पिढीने एक दिवस मिळवला. पुढच्या पिढ्यांनी कामाचे तास, भरपगारी रजा, बाळंतपणाची रजा मिळवली. आमची पिढी मात्र मिळालेले हळूहळू परत देऊ लागली आहे. रविवारी सकाळी साहेबांचा व्हॉट्सॲप येतो आणि आपण चहा बाजूला ठेवून उत्तर टाइप करतो. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोराला तर सुट्टीचा वारच उरलेला नाही. म्हणून हा जाहीरनामा आम्ही १० जूनलाच प्रसिद्ध करीत आहोत.

आमचे सारे म्हणणे एका वाक्यात मावते: माणसाचे आयुष्य म्हणजे त्याचा वेळ, आणि तो त्याच्या स्वतःच्या मालकीचा असला पाहिजे.

आम्ही कोण

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारे आहोत, कंपनीच्या बसने हिंजवडीला जाणारे आहोत, रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर आहोत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे आहोत, शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या आहोत, रिक्षा चालवणारे आहोत. आमच्यात कुणी गर्भश्रीमंत नाही आणि घरदार सोडून हिमालयात निघालेलेही कुणी नाही. आमच्यावर म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी आहे, मुलांच्या फिया आहेत, गावाकडच्या घराची डागडुजी आहे. हे सगळे सांभाळून मोकळे होता येते का, हा आमचा प्रश्न. येते, हे आमचे उत्तर, आणि त्याची रीत पुढे मांडली आहे.

आम्हाला काय दिसते

एक तारखेला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो. पाच तारखेला घराचा हप्ता जातो, सातला गाडीचा, दहाला कार्डाचे बिल. मग किराणा, दूध, शाळेची बस, गॅस. पंधरा तारखेपासून माणूस पुढच्या एक तारखेकडे डोळे लावून बसतो. अशा माणसाला साहेबांनी काहीही सांगितले तरी मान डोलवावी लागते. न पटणाऱ्या कागदावर सही करावी लागते, अपमान गिळावा लागतो, आईच्या ऑपरेशनच्या दिवशीही रजा मागताना आवाज खाली आणावा लागतो.

थोडा हिशेब मांडू. ५० लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४३,४०० रुपये होतो. वीस वर्षांत १ कोटी ४ लाखांहून अधिक रक्कम भरली जाते, म्हणजे ५४ लाखांवर निव्वळ व्याज. तेवढी वर्षे हा माणूस मनासारखे काम शोधू शकत नाही, गावी परतू शकत नाही, निवांत आजारीसुद्धा पडू शकत नाही. घर घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही; डोक्यावर छप्पर हवेच. तिसऱ्या बेडरूमसाठी आयुष्याची किती वर्षे मोजायची, हे सही करण्याआधी वहीत मांडा, एवढेच म्हणतो. चार लोकांत शोभेल असे लग्न, शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतलेली गाडी, हप्त्यावरचा फोन यांनाही हाच हिशेब लागू आहे. वस्तू आज घरात येते आणि तिच्या बदल्यात आपले पुढचे महिने आजच विकले जातात.

चार कामे, एकाच वेळी

मोकळे होण्यासाठी चार कामे करावी लागतात: पैशाची घडी बसवणे, मन शांत आणि सावध करणे, घराबाहेर पडून जग पाहणे, आणि आपल्याला काय हवे ते ठरवणे. यातले एकच धरून बसले की घात होतो. नुसता पैसा जमवणारा भीतीपोटी आणखी जमवत राहतो. नुसता ध्यानाला बसणारा दुसऱ्याच्या कमाईवर जेवतो. नुसता फिरणारा परत आला की होता तिथेच असतो. आणि नुसते ध्येय घेऊन धावणारा स्वतःच स्वतःचा कडक मुकादम होतो. चारही कामे थोडी थोडी, पण रोज आणि एकत्र केली तरच ती एकमेकांना सांभाळतात.

पैसा: किती पुरे हे आधी ठरवा

आर्थिक स्वातंत्र्याचा पाया मिळकतीत नसून गरजेच्या आकड्यात आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा वाचवणाऱ्याला एका वर्षाचा खर्च साठवायला नऊ वर्षे लागतात. चौथा हिस्सा वाचवणाऱ्याला तीन वर्षे. निम्मे वाचवणाऱ्याला एकच वर्ष. यात व्याज धरलेले नाही, बाजाराचा अंदाज नाही. ही प्राथमिक शाळेतली आकडेमोड आहे, आणि ती लाखभर पगारालाही तशीच लागू आहे आणि पंधरा हजारालाही.

अमेरिकेतील वित्तसल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये तिथल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून मांडले की, जमवलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी चार टक्के आणि पुढे महागाईनुसार वाढवून काढत गेले तर ती तीस वर्षे पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम. आपल्याकडे महागाई जास्त आणि सरकारी पेन्शन थोड्यांनाच, म्हणून आम्ही तीस पट धरतो. महिन्याचा खर्च ३०,००० रुपये असेल तर गाठायची रक्कम १ कोटी ८ लाख. आकडा ऐकून छाती दडपते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू पाहा: महिन्याचा १,००० रुपयांचा खर्च कायमचा कमी झाला की हीच रक्कम ३ लाख ६० हजारांनी खाली येते. गरज उतरली की मुक्काम जवळ येतो.

शिवाय या वाटेवर मुक्काम एकच नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की माणूस वाईट साहेबाला नाही म्हणू शकतो. दोन वर्षांचा पडला की धंदा बदलू शकतो, अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करू शकतो. तीस पट झाले की काम करायचे की नाही हे तोच ठरवतो. आमच्यातले बहुतेक पहिल्या आणि दुसऱ्या मुक्कामाच्या मध्ये आहेत, आणि पहिल्या मुक्कामावरच मान किती ताठ होते याचा अनुभव त्यांना आहे.

क्रम असा ठेवा. आधी कार्डाचे कर्ज संपवा. अनेक कार्डांवर महिन्याला तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागते, आणि 'किमान रक्कम भरा' ही सोय तुम्हाला त्यातच ठेवण्यासाठी असते. मग सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवा. आरोग्य विमा आणि साधा मुदत विमा घ्या. त्यानंतर पीपीएफ, प्रॉव्हिडंट फंड, कमी खर्चाचे इंडेक्स फंड, जे समजेल आणि झेपेल ते. गृहकर्ज असेल तर दर वर्षी एक हप्ता जादा भरा: वर दिलेल्या कर्जात तेवढ्यानेच सुमारे साडेतीन वर्षे सुटतात, आणि बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड घेता येत नाही.

ध्यान: हात मोबाइलकडे जाण्याआधीचा क्षण

इगतपुरीला, कसारा घाट चढून गेल्यावर, धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात विपश्यना शिकले, १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले, आणि १९७६ पासून या केंद्रात शिबिरे होत आहेत. दहा दिवसांचे शिबिर, पहाटे चारला घंटा, मौन, मोबाइल जमा, वाचन-लेखन बंद. फी नाही: आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर नव्यांचे जेवणखाण चालते. मालक असो की मजूर, पाट एकच आणि ताट एकच.

पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, दुसरे काही नाही. पुढे अधिष्ठानाची बैठक सुरू होते: तासभर हात, पाय आणि डोळे हलवायचे नाहीत. वीस मिनिटांत गुडघा ठणकू लागतो. मग कळ मांडीत चढते, घाम फुटतो, आता उठलो नाही तर पाय कामातून जाणार अशी खात्री पटते. तरीही बसून राहिले की दिसते, कळ वाढली, थांबली, ओसरली. आपण काहीच केले नाही आणि ती गेली.

बाहेरच्या जगात नेमके हेच उपयोगी पडते. सेल संपायला दोन तास उरले, शेअर वर चालला, मेहुण्याने मोठा टीव्ही घेतला, कुणी चारचौघांत टोमणा मारला: प्रत्येक वेळी आत एक कळ उठते आणि हात आपोआप पुढे जातो. ती कळ उठताना दिसू लागली की हात थांबवता येतो. आमच्या लेखी ध्यान ते एवढ्यासाठी. बँकेतली शिल्लक राखायची असेल तर आधी हा क्षण राखावा लागतो.

आम्ही कुठल्याही एका पंथाचे नाही. विपश्यना, नामस्मरण, नमाज, प्रार्थना, नुसते श्वास मोजणे, ज्याला जे जुळेल ते. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. मनाचा आजार असलेल्यांनी दीर्घ शिबिराआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. ध्यान हा औषधाला पर्याय नाही.

प्रवास: कर्ज न काढता, घाई न करता

मराठी माणूस घरकोंबडा, हे आम्हाला मान्य नाही. पेरणी उरकून, घर दुसऱ्यावर सोपवून, आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी जाणारा शेतकरी दर आषाढात पगारी रजेशिवाय प्रवास करतो. नर्मदेची परिक्रमा करणारे मराठी स्त्री-पुरुष काठावरच्या गावांच्या सदावर्तावर विसंबून हजारो किलोमीटर चालतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडायला दक्षिणा मिळवू म्हणून उत्तरेकडे पायी निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, आणि कमाई लुटली जाऊनही आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन घरी परतले. त्यांचे 'माझा प्रवास' हे मराठीतले अव्वल प्रवासवर्णन आहे.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथल्या शाळा, स्त्रियांच्या संस्था, लोकांच्या कामाच्या पद्धती त्यांनी बारकाईने पाहिल्या, त्यावर मराठीत पुस्तक लिहिले, आणि परत येताच १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. असा प्रवास आम्हाला हवा: डोळे उघडे ठेवून केलेला आणि घरी आल्यावर काही बदलणारा.

हप्त्यावर काढलेली परदेशवारी आम्ही प्रवासात धरत नाही. चार दिवसांत सात ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणी फोटो, हेही नाही. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास काढा आणि जिथे कुणी नातेवाईक नाही अशा जिल्ह्यात उतरा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. मैत्रिणी मिळून निघा. गडचिरोलीला जा, सावंतवाडीला जा, जालन्याच्या बाजारात बसा. खेड्यातल्या घरात मुक्काम करा, तिथला माणूस किती कमाईत कसा जगतो ते विचारा. आपल्याला अत्यावश्यक वाटणाऱ्या कितीतरी गोष्टींवाचून माणसे नीट जगतात, हे पाहिल्यावर 'किती पुरे' या प्रश्नाचे उत्तर बदलते.

ध्येय: एकच, आणि स्वतःचे

धर्मानंद कोसंबी १८७६ मध्ये गोव्यातल्या साखवाळला जन्मले. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, या एकाच ध्यासाने ते १८९९ मध्ये घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर करीत काशीला गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ, बोधगया, सिलोन आणि ब्रह्मदेश पालथे घातले, पाली शिकले, ध्यान शिकले. पुढे कलकत्ता विद्यापीठात दरमहा २५० रुपयांवर राहण्याची संधी होती. ती सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये घेतले, कारण त्यात महाराष्ट्रात राहून आपल्या लोकांसाठी लिहिता येणार होते. पगार एक पंचमांश झाला आणि वेळ पूर्ण स्वतःचा झाला. आपल्याला काय हवे हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्याला असा सौदा अवघड जात नाही.

म्हणून एका वेळी एकच मोठे ध्येय घ्या. ते लिहून ठेवा. त्यापुढे तीन प्रश्न लिहा: हे मला हवे आहे की दुसऱ्या कुणाला? याला किती पैसा आणि किती तास लागतील? यासाठी मी काय सोडणार आहे? तिसऱ्याचे उत्तर कोरे राहिले तर ते ध्येय नाही, इच्छा आहे.

बाईच्या मोकळेपणाशिवाय हे सारे खोटे

कोसंबी बाहेर पडले तेव्हा मागे पत्नी बालाबाई आणि तान्ही मुलगी राहिली. त्या वर्षांचा भार बालाबाईंनी उचलला. कोसंबींबद्दल आम्हाला अपार आदर आहे, आणि तरीही आम्ही स्पष्ट सांगतो: एकाच्या मुक्तीचा खर्च दुसऱ्याने न विचारता भरायचा, ही रीत यापुढे नको. नवरा शिबिराला गेला तर पुढच्या सुट्टीत बायको जाईल आणि घर तो सांभाळेल. तिचे बँक खाते तिच्या नावावर असेल आणि त्याचा पिन तिच्याकडेच असेल.

या बाबतीत आपल्या राज्याला चांगला वारसा आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा शेतकऱ्यांनी आपणहून जमीन बायकोच्या नावे केली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या आधी केला. तरीही आजही भावाच्या समाधानासाठी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी घराघरात आहेत. त्यांनी सही करण्याआधी आमच्याशी बोलावे.

आम्ही काय करणार नाही

आम्ही दामदुप्पट योजना सांगणार नाही, साखळी बांधणार नाही, शेअरच्या टिप देणार नाही. सेमिनारची तिकिटे विकणार नाही. आमच्यात गुरू नाही आणि अध्यक्षही नाही. गरिबाला 'तू चहा पितोस म्हणून गरीब' असे आम्ही कधीच सांगणार नाही. ज्याच्या हातात महिनाअखेर काही उरतच नाही, त्याला काटकसरीचा उपदेश नको, पुरेसा मोबदला हवा. म्हणून आमच्या मागण्याही आहेत: किमान वेतन प्रत्यक्ष हातात पडावे, प्रत्येक कामगाराला, ॲपवर काम करणाऱ्यालाही, भरपगारी साप्ताहिक सुट्टी मिळावी, आणि कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क कायद्यात यावा. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा पाठपुरावा आम्ही करू.

आमचा शब्द

१. आम्ही रोजचा खर्च लिहू आणि तो घरात सर्वांसमोर उघडा ठेवू.

२. दिखाव्यासाठी कर्ज काढणार नाही. लग्नासाठी तर नाहीच.

३. रोज अर्धा तास फोन दूर ठेवून शांत बसू.

४. वर्षातून एकदा, कर्ज न काढता, अनोळखी मुलखात जाऊ.

५. एका वेळी एकच मोठे ध्येय धरू आणि वर्षअखेर त्याचा हिशेब देऊ.

६. घरातल्या बाईच्या वेळेचा हिशेब स्वतःच्या वेळेइतकाच मांडू.

७. आपण एक मुक्काम पुढे गेलो की मागच्याला हात देऊ: त्याची कर्जाची कागदपत्रे वाचून देऊ, त्याच्या रजेत त्याचे काम सांभाळू.

पाच ते दहा जणांनी मिळून एक मंडळ करावे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमावे, वह्या उघडाव्यात, अर्धा तास शांत बसावे, आणि साधे जेवण करून उठावे. नोंदणी नाही, वर्गणी नाही.

वाचणाऱ्याला एकच विनंती. आज झोपण्यापूर्वी वही घ्या आणि तीन आकडे लिहा: महिन्याचा खरा खर्च, डोक्यावरचे एकूण कर्ज, आणि मिळकत आज थांबली तर घर किती महिने चालेल. मग ते पान घरातल्या माणसांना दाखवा. एवढे ज्याने केले, तो या चळवळीत दाखल झाला.